कधीपासून किती वर्षं? धंद्याचं दफ्तर लावण्याची माझी पद्धत

कुठल्याही ऑफिसचं दफ्तर लावायला घेतलं की कपाटं उघडण्याआधी मी एक प्रश्न विचारते: इथे शेवटचं काही कधी नष्ट केलंत, आणि ते कुठे लिहून ठेवलंय? बहुतेक ठिकाणी लोक एकमेकांकडे बघतात. मग कोणीतरी अभिमानाने सांगतं, ‘आम्ही काहीच फेकत नाही, स्थापनेपासूनचं सगळं आहे.’ नाहीतर उत्तर येतं, ‘जागा संपली की जुनं काढतो.’ दोन्ही उत्तरं सारखीच धोक्याची. पहिल्यात लोकांची माहिती कारण नसताना साठत राहते, दुसऱ्यात नेमका लागणारा कागद रद्दीत जातो.

‘असू दे, लागेल कधीतरी’ हे पूर्वी खपून जायचं. आता खपत नाही. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्याच्या पाचव्या कलमातच म्हटलंय की वैयक्तिक माहिती ज्या कामासाठी घेतली, त्या कामाला लागेल त्याहून जास्त काळ ठेवायची नाही. भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तिथेही तेच: हेतू संपला की माहिती पुसा, दुसरा एखादा कायदा ठेवायला सांगत असेल तर मात्र ठेवा. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

उलट बाजूने कर खातं, कंपनी कायदा, कामगार कायदे सांगतात की अमुक इतका काळ नोंद ठेवलीच पाहिजे. त्यामुळे मालकमंडळींना वाटतं की हे कायदे आपसात भांडतायत आणि मध्ये आपण सापडलोय. माझ्या मते भांडण नाहीच. ही नोंद तुमच्याकडे का आहे आणि कधीपर्यंत असणार आहे, हे तुम्हाला विचारल्याबरोबर सांगता आलं पाहिजे, एवढीच दोघांची अपेक्षा. त्यासाठी एक तक्ता लागतो. मी त्याला मुदततक्ता म्हणते. तो कसा करायचा, आणि केल्यावर तो पाळायचा कसा, ते सांगते.

कपाटापासून सुरुवात करू नका

यादी करायची म्हटलं की लोक ‘कपाट एक, खण पहिला’ असं सुरू करतात. दुसऱ्या कपाटापर्यंत उत्साह संपतो, शिवाय कपाटात जे नाही ते यादीत येतच नाही. त्याऐवजी कामाच्या मागे जा. एक गिऱ्हाईक घ्या. त्याने चौकशी केली, तुम्ही दरपत्रक पाठवलं, ऑर्डर आली, माल गेला, बीजक झालं, पैसे आले, सहा महिन्यांनी तक्रार आली. प्रत्येक टप्प्यावर कोणी काय लिहिलं आणि ते कुठे राहिलं, हे त्या-त्या टेबलाशी बसून विचारा. मग तसंच एका कर्मचाऱ्याचं करा: अर्ज, मुलाखत, नेमणूक, हजेरी, पगार, रजा, राजीनामा. मग एका पुरवठादाराचं. हे तीन प्रवास नीट पाहिलेत की दफ्तराचा मोठा भाग हाती लागतो.

विचारताना एक प्रश्न फार उपयोगी पडतो: ‘हे आज हरवलं तर ओरडणार कोण?’ कोणीच ओरडणार नसेल तर ती बहुधा नोंद नाही, नुसती प्रत आहे. नोंद म्हणजे काहीतरी घडलं याचा पुरावा. तिची एक अस्सल प्रत असते, बाकी सगळ्या सोयीसाठी काढलेल्या झेरॉक्स, फॉरवर्ड केलेले मेल आणि ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘खरंच फायनल’ अशा नावांच्या फायली. अस्सल कुठली हे ठरवलं की बाकीच्या प्रती काम संपताच काढून टाकता येतात, त्यांना मुदतच लागत नाही. दफ्तराचा पसारा कमी होतो तो मुख्यतः इथेच.

लपलेल्या जागा मात्र आठवून शोधा. सोडून गेलेल्या माणसाचं मेलखातं. हिशेब बघणाऱ्याचा स्वतःचा लॅपटॉप. ऑफिसच्या मोठ्या झेरॉक्स यंत्रातली हार्डडिस्क; बऱ्याच यंत्रांत ती असते आणि स्कॅन केलेलं त्यात उरू शकतं. दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण. पाहुण्यांची नोंदवही, जी समोरच उघडी पडलेली असते आणि येणारा प्रत्येक जण आधीच्यांचे फोन नंबर वाचतो. आणि व्हॉट्सअ‍ॅप. त्याला हसू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने वॉल स्ट्रीटवरच्या १६ वित्तसंस्थांना मिळून ११० कोटी डॉलरहून जास्त दंड लावला. कारण एवढंच की कर्मचारी कामाचं बोलणं खासगी फोनवरून मेसेज करून उरकत होते आणि ते जतन होत नव्हतं. तुमच्या धंद्याला तो नियम लागू नसेल. पण दर फोनवर ठरला आणि फोन विक्री प्रतिनिधीबरोबर गेला, तर ठरलेला दर सिद्ध कसा करणार? मी साधा नियम घालून देते: मेसेजवर बोला हवं तेवढं, पण दर, तारीख, मंजुरी यांपैकी काही ठरलं की त्याच दिवशी ते ऑफिसच्या मेलवर लिहून पाठवायचं.

मुदततक्ता

साध्या स्प्रेडशीटमध्ये करा. खास सॉफ्टवेअर विकत घेण्याची घाई नको. प्रत्येक ओळ म्हणजे नोंदीचा एक प्रकार, एक कागद नव्हे. रकाने असे: नोंदीचा प्रकार, अस्सल प्रत कुठे, कोणाच्या ताब्यात, कोणाची वैयक्तिक माहिती त्यात आहे, का ठेवतो, घड्याळ कधी सुरू होतं, किती काळ, मुदत संपल्यावर काय. ताब्याच्या रकान्यात खात्याचं नाव चालत नाही, पद लिहा. ‘अकाउंट्स’ म्हणजे कोणीच नाही.

एक बारीक सूचना. ओळी फार पाडू नका. लहान धंद्याला तीसेक ओळी पुरतात. शंभर ओळींचा तक्ता करणाऱ्याला आनंद होतो, वापरणारा कोणी उरत नाही.

आता खरा विषय. लोक मला विचारतात, ‘बीजकं किती वर्षं ठेवायची?’ मी उलट विचारते, ‘कधीपासून मोजून?’ वर्षांचा आकडा कोणीही सांगतं. घड्याळ कुठल्या घटनेपासून चालू होतं, तिथे सगळे गोंधळ होतात.

भारतातलं उदाहरण घेऊ. जीएसटी कायद्याचं कलम ३६ सांगतं की हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवा. ७२ महिने म्हणजे सहा वर्षं, असं म्हणून लोक बीजकाच्या तारखेत सहा मिळवतात. पण एप्रिल २०२३ चं बीजक २०२३-२४ या आर्थिक वर्षातलं. त्या वर्षाच्या विवरणपत्राची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४. तिथून ७२ महिने मोजले की ३१ डिसेंबर २०३० येते. म्हणजे ते बीजक सात वर्षं आठ महिने सांभाळायचं. त्याच आर्थिक वर्षातलं ३१ मार्च २०२४ चं बीजक मात्र पावणेसात वर्षं. म्हणून बीजकांचे गठ्ठे महिन्यांनी बांधलेत तरी मुदत आर्थिक वर्षावर लावा, म्हणजे अख्खं वर्ष एकदम बाहेर काढता येतं. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकाल लागल्यावर आणखी एक वर्ष, की मूळ मुदत, यातलं जे उशिराचं ते. आणि तुमचा धंदा कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर कंपनी कायद्याचं कलम १२८ हिशेबाची पुस्तकं आणि त्यांची प्रमाणकं (व्हाउचर) किमान आठ आर्थिक वर्षं ठेवायला लावतं. एकाच कागदाला दोन कायदे लागू झाले की लांबची मुदत धरायची.

देश बदलला की घड्याळही बदलतं. ब्रिटनमध्ये कंपनीचे हिशेब साधारणपणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा वर्षं ठेवायचे. जर्मनीत मुदत कॅलेंडर वर्ष संपल्यावर सुरू होते, आणि तिथे बीजकांसारख्या प्रमाणकांची दहा वर्षांची मुदत २०२५ च्या सुरुवातीपासून आठ वर्षांवर आणली गेली. हिशेबाच्या मुख्य पुस्तकांची दहाच राहिली. म्हणजे ज्यांनी २०२४ मध्ये तक्ता करून लॅमिनेट करून भिंतीवर लावला, त्यांचा तक्ता वर्षभरात जुना झाला. म्हणून ‘का ठेवतो’ या रकान्यात कायद्याचं नाव, कलम आणि आपण ते शेवटचं कधी तपासलं ती तारीख, तिन्ही लिहा. तुमचे करसल्लागार ‘आठ वर्षं ठेवा’ म्हणाले तर नम्रपणे कलम विचारा. चांगला सल्लागार लगेच सांगतो.

काही घड्याळं तर कित्येक वर्षं सुरूच होत नाहीत. करारनाम्याची मुदत तो सही झाल्यापासून मोजून चालत नाही, संपल्यापासून मोजायची. भारतात करारभंगाच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, पण पाच वर्षं चालणाऱ्या कराराचा कागद तिसऱ्या वर्षी फाडला तर हातात काय राहिलं? कर्मचाऱ्याच्या फाइलचं घड्याळ तो नोकरी सोडतो तेव्हा चालू होतं. यंत्राच्या देखभालीच्या नोंदी यंत्र विकल्यावर किंवा मोडीत काढल्यावर. इथे व्यवहारातली अडचण अशी की घड्याळ सुरू करणारी घटना दफ्तरापर्यंत पोचतच नाही. माणूस गेला हे हजेरीत दिसतं, फाइल मात्र चालू कर्मचाऱ्यांच्या खणातच राहते. यावर उपाय एकच: शेवटचा हिशेब चुकता करताना जो कागद निघतो, त्यावरच ‘फाइल बंद, नष्ट करण्याची तारीख अमुक’ अशी ओळ छापून घ्या. आठवणीवर सोडलेलं काम होत नाही.

आणि ‘कायम’ हा शब्द जपून वापरा. कंपनीच्या स्थापनेची कागदपत्रं, सभांची इतिवृत्तं, मालकीहक्काचे दस्त, ट्रेडमार्क असल्या मोजक्या गोष्टी कायम ठेवायच्या. बाकी ठिकाणी ‘कायम’ लिहिलंय म्हणजे बहुतेक वेळा निर्णय घ्यायचा कंटाळा केलाय.

माणसांची माहिती वेगळी काढा

लांबची मुदत धरा असं म्हटलं, पण त्याला एक अट आहे आणि ती बहुतेक तक्त्यांतून निसटते. कायदा जी माहिती ठेवायला सांगतो, तेवढीच त्या मुदतीला धरून राहते. बीजकावर गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता लागतो, म्हणून तो आठ वर्षं राहील. त्याच गिऱ्हाइकाचा वाढदिवस, मुलांची नावं आणि ‘दुपारी फोन करू नये’ ही टीप यांना करकायद्याचा आधार नाही. ती बीजकाच्या पाठीवर बसून आठ वर्षं जगू शकत नाही. म्हणून गिऱ्हाइकांच्या यादीला आणि बीजकांना तक्त्यात दोन वेगळ्या ओळी द्या.

कर्मचाऱ्यांबाबत तर आणखी जपा. हॅम्बुर्गच्या डेटा संरक्षण अधिकाऱ्यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीला सुमारे ३ कोटी ५३ लाख युरो दंड केला. न्यूरेम्बर्गच्या सेवा केंद्रात रजेवरून परतलेल्या माणसाशी वरिष्ठ गप्पा मारत आणि मग आजारपण, घरातल्या अडचणी, सुट्टीतले अनुभव अशा गोष्टी टिपून ठेवत. ऑक्टोबर २०१९ मध्ये संगणकातल्या एका चुकीच्या मांडणीमुळे त्या नोंदी काही तास अख्ख्या कंपनीला दिसल्या, तेव्हा प्रकार बाहेर आला. यात धडा चोरी रोखण्याचा कमी आणि लिहिण्याचा जास्त आहे. जे लिहिलंच नाही ते फुटत नाही, पुसावं लागत नाही, कोणी मागितलं तर दाखवावं लागत नाही. रजेच्या अर्जावर ‘वैद्यकीय, दाखला पाहिला’ एवढं पुरतं. आजाराचं नाव कशाला हवं?

ओळखपत्रांच्या झेरॉक्सचंही तसंच. कायद्याने प्रत ठेवायला सांगितली नसेल तर ओळखपत्र बघा, परत द्या आणि नोंदवहीत ‘ओळख पटवली’, तारीख, सही. कुठल्याही ऑफिसात सगळ्यात निष्काळजीपणे पडलेला ढीग हाच असतो, आणि चोराला सगळ्यात जास्त उपयोगीही हाच.

नोकरीसाठी आलेले, पण न निवडलेल्यांचे अर्ज हे दुसरं ठिकाण. ‘पुढे जागा निघाली तर’ म्हणून ते वर्षानुवर्षं राहतात आणि पुढे जागा निघाली की कोणी ते उघडत नाही, नवी जाहिरात देतात. निवडीविरुद्ध तक्रार करायची मुदत तुमच्याकडे किती आहे ते बघून तेवढाच काळ ठेवा आणि अर्ज घेतानाच तसं सांगा.

आता एक गंमत. कोणी सांगितलं, ‘मला जाहिरातीचे मेल पाठवू नका, माझं नाव काढा.’ तुम्ही प्रामाणिकपणे सगळं पुसलंत. तीन महिन्यांनी दुसरीकडून यादी आली, त्यात तोच पत्ता होता, मेल गेला, आणि माणूस भडकला. म्हणून अशा वेळी एक ‘पाठवू नये’ यादी ठेवावी लागते: फक्त मेलचा पत्ता आणि नकाराची तारीख, बाकी काही नाही. पुसण्यासाठीच थोडं ठेवावं लागतं. हे तक्त्यात वेगळ्या ओळीत कारणासकट लिहा, नाहीतर तपासणीला आलेला माणूस विचारेल की पुसलं म्हणता, तर हे काय?

‘माझी सगळी माहिती पुसा’ असा अर्ज आला तर घाबरू नका आणि गप्पही बसू नका. जीडीपीआरमध्ये उत्तराला एक महिना मिळतो. गुंतागुंतीच्या प्रकरणात तो आणखी दोन महिन्यांनी वाढवता येतो, पण तसं पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं. आधी मागणारी व्यक्ती तीच आहे याची खात्री करा, आणि त्यासाठी नवी कागदपत्रं मागवून ढीग वाढवू नका. तुमच्याकडे नोंदलेल्या मेलवरून अर्ज आला असेल तर बऱ्याचदा त्यावरच उलटा मेल पाठवून भागतं. मग तक्ता समोर ठेवून उत्तर लिहा. मी साधारण असं लिहून देते:

‘तुमचा अर्ज मिळाला. तुमचा फोन नंबर, जन्मतारीख, पसंतीच्या नोंदी आणि आमच्याशी झालेला चौकशीचा पत्रव्यवहार आम्ही आज पुसला आहे. तुमच्या नावाची बीजकं करकायद्यानुसार अमुक तारखेपर्यंत ठेवणं आम्हाला बंधनकारक आहे. तोवर ती फक्त हिशेब विभागाला दिसतील आणि त्यानंतर नष्ट होतील. तुम्हाला पुन्हा जाहिराती जाऊ नयेत यासाठी तुमचा मेलचा पत्ता ‘पाठवू नये’ यादीत ठेवला आहे.’

तारखा तक्त्यातून उचलायच्या. तक्ता असला की हे उत्तर चहा निवायच्या आत होतं. माहिती फुटली तरी तोच तक्ता धावून येतो: जीडीपीआरमध्ये नियामकाला साधारणपणे ७२ तासांत कळवावं लागतं, आणि त्या वेळात ‘त्या लॅपटॉपमध्ये नेमकं काय होतं’ हे शोधत बसणं परवडत नाही.

आकडेवारीसाठी जुना डेटा हवाच असेल तर नावं खोडून ठेवतो, असं बरेच जण म्हणतात. नाव खोडणं पुरत नाही. लतान्या स्वीनी या संशोधिकेने २००० साली दाखवलं की अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांना जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिनकोड एवढ्यावरून एकट्याने वेगळं ओळखता येण्याची शक्यता आहे. तुम्हाला हवी असते महिन्याची एकूण विक्री. मग महिन्याची बेरीज ठेवा, ओळी सोडा.

थांबा म्हटलं की थांबायचं

मुदत संपली म्हणून नष्ट करायचं, याला एक मोठा अपवाद आहे. दावा, चौकशी, तपासणी चालू झाली, किंवा होणार असं वाजवीपणे दिसू लागलं, की त्या विषयाला लागून असलेली प्रत्येक नोंद जागच्या जागी थांबवायची. मुदत काल संपली असली तरी.

आर्थर अँडरसन ही हिशेबतपासणीतली जगातली बलाढ्य संस्था. २००१ साली तिच्याकडे हिशेबतपासणी असलेल्या एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या घोटाळ्याचं प्रकरण तापत असताना तिच्या कर्मचाऱ्यांना आपलं कागदपत्र-धोरण पाळण्याची आठवण करून दिली गेली आणि यंत्रं कागदांच्या पट्ट्या पाडू लागली. जून २००२ मध्ये संस्था दोषी ठरली. मे २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने फिरवला, ज्यूरीला दिलेल्या सूचना सदोष होत्या म्हणून. पण तोवर संस्था जवळजवळ संपलेली होती. दरम्यान २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने तपासात अडथळा आणण्यासाठी नोंदी नष्ट करणं हा २० वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरवला. एरवी बासनात असलेलं धोरण ऐन चौकशीच्या तोंडावर आठवलं तर त्याला धोरण कोणी म्हणत नाही. ते वर्षानुवर्षं नेमाने पाळलेलं असेल तरच तुमच्या बाजूने उभं राहतं.

स्थगितीचा, म्हणजे नष्ट करणं थांबवण्याचा, आदेश लेखी असावा. कोणी दिला, कुठला विषय, कुठल्या तारखांमधल्या नोंदी, कोणाकोणाला कळवलं, आणि उठवणार कोण. मेलची आपोआप पुसण्याची सोय आणि कॅमेऱ्याचं चित्रण यांकडे लगेच बघा, कारण ती यंत्रं कोणाची वाट बघत नाहीत; चित्रण बहुधा काही आठवड्यांत स्वतःवरच नवं लिहीत जातं. आणि काम संपल्यावर स्थगिती उठवायला विसरू नका. न उठवलेल्या स्थगित्यांमुळेच पुन्हा ‘आम्ही काहीच फेकत नाही’ या टप्प्यावर लोक येतात.

नाशन

वर्षातून एकदा, वार्षिक हिशेब आणि तपासणी आटोपल्यावर, निंदणीचा दिवस ठरवा. मुदत संपलेल्यांची यादी तक्त्यातून काढा, नोंद ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून ‘यावर स्थगिती नाही’ अशी सही घ्या, दुसऱ्या एका जबाबदार माणसाची सही घ्या, मग नष्ट करा. नाशन-नोंदवहीत प्रकार, कालावधी, गठ्ठ्यांची संख्या, पद्धत, तारीख, दोन सह्या. ही वही कायम ठेवण्याच्या मोजक्या गोष्टींत येते. तिच्यात माणसांची नावं लिहू नका. पुसलेल्यांची नावं नाशन-वहीत जपून ठेवलेली मी पाहिली आहेत!

कागद रद्दीवाल्याला जसाच्या तसा देऊ नका. लांब पट्ट्या पाडणारं यंत्र नको, आडवं-उभं कापणारं घ्या. जर्मन मानक डीआयएन ६६३९९ मध्ये पी-१ ते पी-७ अशा पायऱ्या आहेत. पी-४ मध्ये तुकडा १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा राहत नाही. माणसांच्या माहितीसाठी मी पी-४ च्या खाली जात नाही.

संगणकावर ‘डिलीट’ म्हणजे नुसता पत्ता काढला, घर तिथेच आहे. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिका तीन पातळ्या सांगते: वरून पुसणं, प्रयोगशाळेतही परत मिळू नये असं पुसणं, आणि वस्तूच मोडून टाकणं. जुन्या चकतीवाल्या हार्डडिस्कवर नवं लिहून जुनं घालवता येतं, पण एसएसडीत (चकतीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये) लिहिलेलं नेमकं कुठल्या कप्प्यात जातं ते तिचं ती ठरवते, त्यामुळे तिथे नुसतं वरून लिहिण्यावर विसंबू नये. त्याहून सोपा मार्ग म्हणजे पहिल्या दिवसापासून डिस्क एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात, वापरणं. शेवटी किल्ली नष्ट केली की उरलेलं वाचता येत नाही.

यंत्रं मोडीत काढताना घेणारा कोण, ते बघा. मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी वित्तसंस्थेच्या एका उपकंपनीने जुने सर्व्हर आणि हार्डडिस्क हलवण्याचं काम डेटा नष्ट करण्याचा अनुभव नसलेल्या सामानवाहू कंपनीला दिलं, आणि ग्राहकांच्या माहितीसकट काही यंत्रं ऑनलाइन लिलावात विकली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी अमेरिकी नियामकाला ३ कोटी ५० लाख डॉलर दंड भरला. म्हणून प्रमाणपत्र घ्या, पण त्यावर प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक असल्याशिवाय घेऊ नका. ‘एकूण १२ नग नष्ट केले’ या कागदाला अर्थ नाही.

बॅकअपमधून एकेक नाव शोधून काढणं जवळजवळ अशक्य असतं आणि तसा हट्ट धरू नये. बॅकअपची मुदत आखूड ठेवा, म्हणजे पुसलेलं आपोआप गळून जाईल. मात्र पुसलेल्यांची एक यादी नुसत्या ग्राहक-क्रमांकांची ठेवा, आणि बॅकअप परत चढवायची वेळ आलीच तर चढवल्यावर आधी ती यादी चालवा. नाहीतर पुसलेली माणसं रातोरात परत येतात. ही यादीही सर्वांत जुना बॅकअप गेला की टाकायची.

जे ठेवायचं ते वाचता यावं

थोडक्यात उरकते. थर्मल कागदावरच्या पावत्या काही वर्षांत पांढऱ्या पडतात, त्या आल्या दिवशी स्कॅन करा. लांब मुदतीच्या फायली पीडीएफ/ए या जतनासाठीच २००५ मध्ये मानक ठरवलेल्या प्रकारात ठेवा. फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहा, म्हणजे यादी आपोआप लागते. हिशेबाचं सॉफ्टवेअर बदलण्याआधी जुन्या वर्षांचं काय, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. वर्गणी थांबली की किर्द-खतावणी उघडत नाही, असं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. भारतातल्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षांसाठी, नोंदीत कोणी कधी काय बदललं याचा माग ठेवणारं आणि तो माग बंद न करता येणारं सॉफ्टवेअरच वापरावं लागतं, तेही तेव्हाच विचारा. आणि वर्षातून एकदा बॅकअपमधली एखादी जुनी फाइल खरोखर उघडून बघा.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर न निवडलेल्या उमेदवारांच्या अर्जांपासून. हिशेबाच्या कागदांना हात लावायला सगळे घाबरतात; अर्जांवर वाद कमी, ढीग मोठा, आणि माहिती सगळी माणसांची. या आठवड्यात त्यांची एक ओळ लिहा, सगळे रकाने भरा, स्थगिती नाही याची सही घ्या, मुदत उलटलेले नष्ट करा, नाशन-वहीचं पहिलं पान उघडा. मग ओळखपत्रांच्या झेरॉक्स. बीजकं आणि पगारपत्रकं शेवटी, कलमं तपासून झाल्यावर. आणि तक्त्याच्या माथ्यावर पुढच्या तपासणीची तारीख टाका, ती कुठल्या पदावरच्या माणसाच्या कॅलेंडरमध्ये आहे त्याच्यासकट.